कोण भिजलं, कोण कोरडं राहिलं

मित्रांनो, मान स्थिर ठेवून बोलणं मला जमत नाही. मी बोलताना डुलेन, तेवढं सांभाळून घ्या. मी तंजावरची डुलती बाहुली. आमच्याकडे मला तलैयाट्टी बोम्मै म्हणतात, म्हणजे मान हलवणारी बाहुली. माझा घागरा वेगळा, कमरेवरचं धड वेगळं आणि डोकं वेगळं. तिन्ही भाग तारेच्या टोकांवर एकावर एक नुसते टेकवलेले आहेत. कुणी साधी फुंकर मारली तरी माझं डोकं हो म्हणतं आणि कंबर नाही म्हणते. मिक्सर लागला की मी हलते, दार आपटलं की हलते. चेन्नईच्या वेलचेरी स्टेशनात गाडी शिरते तेव्हा सातव्या मजल्यावर कुणालाच काही कळत नाही, पण मला कळतं. चाळीस वर्षं झाली, मला घटकाभराची स्वस्थता म्हणून नाही.

माझा जन्म तंजावरजवळच्या एका खेड्यात झाला. कागदाचा लगदा, कंदाच्या पिठाची खळ आणि वर पांढरा लेप, एवढंच माझं भांडवल. मला घडवणाऱ्या बाईंनी डोळे सगळ्यांत शेवटी रंगवले, त्यामुळे जग कसं दिसतं ते मला फार उशिरा समजलं. विकताना त्या एवढंच म्हणाल्या की हिला पाण्यापासून जपा, बाकी हिचं काही मागणं नाही. विकत घेणारे होते शेषाद्री. नवीन लग्न झालं होतं. बायकोचा पहिला कोलू रिकामा दिसू नये म्हणून त्यांनी मला घेतलं.

कोलू म्हणजे काय ते सांगायला हवं. नवरात्रात आमच्याकडे घरोघरी पायऱ्या मांडतात, त्यांवर पांढरं वस्त्र घालतात आणि बाहुल्या बसवतात. वरच्या पायरीवर देव आणि कलश, त्याखाली साधुसंत, मग लग्नाची वरात, वाणी आणि वाणीण, मग गाई, हत्ती, पक्षी. सगळ्यांत खाली मुलांची खेळणी. प्रत्येकाची जागा ठरलेली. एकदा बसवलेली बाहुली दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, हा नियम. गंमत बघा, सगळ्या कोलूत हा नियम मोडणारी मी एकटीच, आणि कौतुकही माझंच जास्त! पानसुपारीला आलेल्या मुली आधी माझ्याकडे धावायच्या. एक बोट लावलं की मी नाचायला लागायची आणि त्या खिदळायच्या. बाकीचे अकरा महिने मात्र मी जुन्या धोतरात गुंडाळलेली, ट्रंकेत. अंधारात डुलण्याला काही अर्थ नसतो, पण मी डुलायची.

शेषाद्रींची बायको म्हणजे विशालाक्षी. तिचं घराणं तंजावरच्या मराठी लोकांचं. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात जुनी मराठी बोलणारं. तिनं एकतीस वर्षं सरकारी वाचनालयात नोकरी केली. आलेली पुस्तकं विषयवार लावायची, हे तिचं काम. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक आणि चोरीला गेलेलं पुस्तक यांत काही फरक नाही, असं ती म्हणायची. कोलूच्या पायऱ्याही ती तशाच लावायची. शेषाद्री गेले, मुलगी रंजनी तंजावरातच राहिली आणि मुलगा श्रीनिधी चेन्नईला आला. त्याला मुलगी झाली तेव्हा विशालाक्षी ट्रंक घेऊन त्याच्याकडे राहायला आली. त्या ट्रंकेत मी होते.

इथं माळ्यावर जागा नव्हती, म्हणून माझी रवानगी टीव्हीशेजारच्या फळीवर झाली. एका बाजूला इंटरनेटची डबी, दुसऱ्या बाजूला विजेची बिलं. कुणी बोट लावेना, अंगावर धूळ साचली. पण समोरच जमिनीवर एक दुपटं अंथरलेलं असायचं आणि त्यावर संयुक्ता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम मी त्या फळीवरून केलं. ते म्हणजे बघणं.

मित्रांनो, बोलता न येणारं मूल नुसतं पडलेलं असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. संयुक्ता चार महिन्यांची असताना श्रीनिधी तिला मांडीवर घेऊन फोनवर मांजरांची चित्रं दाखवायचा. पिवळं मांजर, काळं मांजर, जाडं मांजर, शेपटी तुटलेलं मांजर. पहिल्याला ती डोळे विस्फारून बघायची. पाचव्या-सहाव्याला जांभई यायची. मांजर नवं, रंग नवा, पण तिच्या लेखी पुन्हा तेच. मग चुकून एखादा कुत्रा आला की अंग ताठ आणि डोळे पुन्हा एवढे मोठे! श्रीनिधीला वाटायचं, स्क्रीनचा उजेड वाढला. अरे बाबा, उजेड कसला वाढतोय! तिनं सगळ्या मांजरांची एक मोळी बांधून ठेवली होती आणि हा कुत्रा त्या मोळीत बसत नव्हता. हे मला फळीवरून दिसत होतं आणि मांडीवर घेऊन बसलेल्या बापाला दिसत नव्हतं. सांगणार कशी? मी नुसती मान हलवत राहिले.

आठ महिन्यांची झाली, रांगायला लागली आणि तिच्या मोळ्या वाढल्या. भिंतीवरची पाल सरसर पळाली की ती हसायची, कारण पालीनं पळायचंच असतं. पण एकदा पंख्याच्या वाऱ्यानं चेंडू आपोआप घरंगळला, तर ती दचकली आणि ढकललं कुणी ते शोधायला लागली. आपलं आपण हलणारे एकीकडे आणि कुणीतरी हलवावे लागणारे दुसरीकडे, अशी तिची वाटणी होती. माझ्याकडे मात्र ती फार वेळ बघायची. मला डोळे आहेत, तोंड आहे, पण पाय नाहीत. मी आपोआप हलते, पण जागा सोडत नाही. मला कुठल्या मोळीत बांधावं हे तिला ठरवता येत नव्हतं. खरं सांगते, चाळीस वर्षांत मलाही ते ठरवता आलं नव्हतं.

विशालाक्षी दिवसभर तिच्याशी बोलायची. भेंडी चिरताना, केस विंचरताना, आंघोळ घालताना. "पाह्य कन्ना, हें तुझें पाऊल. हें माझें पाऊल. तुझें नवें, माझें झिजलेलें." कन्ना म्हणजे बाळ. मध्येच तमिळ, मध्येच मराठी. संयुक्ता उत्तर द्यायची नाही, पण आजीच्या ओठांवरून नजर हटवायची नाही.

आता संयुक्ताच्या आईकडे येते. तनया अमरावतीची. श्रीनिधी आणि ती सिरुसेरीला एकाच कंपनीत कामाला. मूल झाल्यापासून ती घरून काम करत होती, पण ती सवलत दसऱ्यानंतर संपणार होती. तनया मनानं चांगली, पण धीर म्हणून नाही. काळजीत असली की ती हॉलमध्ये येरझाऱ्या घालते. तिच्या पावलांनी फळी हलते आणि फळीबरोबर मी. त्यामुळे घरात कुणाला कळायच्या आधी मला कळतं की आज काहीतरी बिनसलंय.

आणि त्या सप्टेंबरात मी रोज हलत होते. संयुक्ताचा पहिला वाढदिवस झाला होता आणि ती एकही शब्द बोलत नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले, सगळं नीट आहे, थोडं थांबा म्हणाले. पण थांबणं तनयाला येत असतं तर आणखी काय हवं होतं! अमरावतीहून तिची आई रोज फोनवर विचारायची, "पोरगी अजून आई म्हणत नाही का गं?" त्यातच ऑफिसजवळच्या पाळणाघराचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता. मूल किती शब्द बोलतं? तनया पेन हातात धरून त्या रकान्यासमोर अर्धा तास बसली आणि शेवटी तिनं शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या देविका मॅडमचा फोन आला. त्या तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलत होत्या, मी मराठीत सांगते.

"घरात भाषा किती आहेत?"

"चार," तनया म्हणाली. "माझी मराठी, सासूबाईंची मराठी, यांची तमिळ आणि इंग्रजी."

"सासूबाईंची मराठी वेगळी?"

"फार वेगळी, मॅडम. मलाच निम्मी कळत नाही."

"मग बाळाला काय कळणार? तिचा गोंधळ होतोय. एकच भाषा ठेवा. जागा एकच उरली आहे. मी नवरात्रातल्या शनिवारी पाचला कोलू बघायला येते, तेव्हा तिलाही बघीन आणि मग ठरवू."

त्या संध्याकाळी फ्रिजवर कागद चिकटला. घरात बाळाशी फक्त इंग्रजी. तनयानं तो विशालाक्षीला वाचून दाखवला. आवाज मऊ होता, पण बोटं पदराशी चाळा करत होती. "अम्मा, थोडेच दिवस. तिच्या भल्यासाठी."

"शरि," विशालाक्षी म्हणाली. म्हणजे बरं.

इंग्रजी तिला येत नव्हती असं नाही. वाचनालयातल्या सगळ्या नोंदी तिनं इंग्रजीतच केल्या होत्या. पण त्या भाषेत तिनं आयुष्यात कुणाला मांडीवर घेतलं नव्हतं. दोन दिवस तिनं प्रयत्न केला. "दिस इज फूट," म्हणाली आणि स्वतःच अवघडून बसली. मग तिनं बोलणंच सोडलं. आंघोळ मुक्यानं, भरवणं मुक्यानं. संयुक्ता तिच्या मांडीवर चढायची आणि बंद ओठांवर हातानं थोपटायची. एकदा थोपटायची, थांबायची, पुन्हा थोपटायची.

नवरात्र बसलं तशी विशालाक्षीनं स्वयंपाकघरातून रंजनीला फोन केला. दार उघडंच होतं. "दसऱ्याचे दुसरे दिवशीं गाडीचें तिकीट काढ गे माझें. नाही, भांडण नाही. इथें माझें काम संपलें." तनया हॉलमध्ये होती. तिनं ऐकलं. तिनं जा असंही म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. ती येरझाऱ्या घालत राहिली आणि मी हलत राहिले. खोटं का सांगू, मला तिचा राग आला होता.

कोलू तरीही मांडला गेला, कारण तो मांडायचाच असतो. श्रीनिधीनं पाच पायऱ्या जोडल्या, विशालाक्षीनं एकेक बाहुली पुसून बसवली. मी तिसऱ्या पायरीवर, वाण्याच्या शेजारी. माझ्याखाली गाय, हत्ती, पोपट आणि पंख पसरलेला गरुड. सगळ्यांत खाली श्रीनिधीनं संयुक्ताची खेळणी लावली होती. पिवळी रिक्षा, बस, प्लास्टिकचा कुत्रा, पंख पसरलेलं विमान आणि दोन घोड्यांचा लाकडी रथ. शोभा अशी की बघत राहावं, पण घरात सगळे एकमेकांशी जेवणापुरतं बोलत होते.

शनिवार उजाडला. सकाळपासून तनयाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिनं संयुक्ताला तीनदा कपडे बदलले. "से बॉल, बेबी. बॉल. से बॉल." संयुक्तानं चेंडू घेतला, चाटला आणि सोफ्याखाली ढकलला. साडेचारला तनया साडी नेसायला आत गेली. विशालाक्षी चण्याचं सुंडल परतत होती. संयुक्ताला सांभाळायला श्रीनिधी होता, म्हणजे कुणीच नव्हतं म्हणा, कारण त्याच्या कानात हेडफोन होते आणि ऑफिसची मीटिंग चालू होती.

खालच्या पायरीवर पूजेचं पंचपात्र होतं, पाण्यानं भरलेलं, आणि त्यात तांब्याची पळी. संयुक्ता रांगत आली. तिनं पळी उचलली, पाण्यात बुडवली आणि आजी आपल्याला जशी औषधाची पळी देते तशी, अगदी जपून, समोरच्या प्लास्टिकच्या कुत्र्याच्या तोंडाला लावली.

मी म्हटलं, संपलं! पण ती थांबणार होती थोडीच. कुत्र्याशेजारी रिक्षा होती. तिनं रिक्षाकडे बघितलं आणि ती ओलांडली. पुढं बस, तीही ओलांडली. रथाशी आली, एका घोड्याला पाजलं, दुसऱ्या घोड्याला पाजलं. रथाला एक थेंबही नाही. मग पायरीला धरून उभी राहिली. गाईला दोन पळ्या, हत्तीला सोंडेपाशी नाही, बरोबर सोंडेखालच्या तोंडात, पोपटाला, गरुडाला. गरुडाच्या खालीच ते विमान होतं, त्याचेही पंख तसेच पसरलेले. त्याच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग तिसऱ्या पायरीवर वाणी आणि वाणीण दोघंही प्याले. वाण्यापुढच्या टोपल्यांतली मातीची वांगी आणि भोपळे कोरडे राहिले. मातीच्या रंगांचे ओघळ वस्त्रावरून खाली येत होते आणि श्रीनिधी मीटिंगमध्ये "येस, येस" म्हणत होता.

मग ती माझ्यासमोर आली. पायरी तिच्या वजनानं हलत होती, म्हणून मी जोरात डुलत होते. तिनं भरलेली पळी धरून ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी थांबायची ती वाट बघत होती. मित्रांनो, पाण्याला मी जन्मभर भ्यालेय. ओली झाले की मी लगदा, एवढाच माझा शेवट, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ही पळी पुढं आली तर माझं तोंड जाणार. आणि पुढं न येता ओलांडून गेली, तर मी रिक्षा आणि भोपळ्यांच्या मोळीत जाणार. काय मागावं तेच मला कळेना.

तिनं पळी माझ्या ओठांना लावली. माझं डोकं मागं झुकलं, तिनं दुसऱ्या हातानं ते धरलं आणि पुन्हा लावली. गार पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. मला फार भीती वाटली आणि तितकाच आनंदही झाला.

"अगं बाई! हे काय केलंस!" तनया दारात उभी होती. साडीच्या निऱ्या अजून हातातच. तिच्या ओरडण्यानं संयुक्ता दचकून खाली बसली आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. श्रीनिधीनं हेडफोन काढून फेकले आणि फडकं आणायला धावला. गाईचा पांढरा रंग हत्तीवर उतरला होता, वाणीणबाईंचं कुंकू गालापर्यंत आलं होतं. तनया रडवेली झाली. "पाच वाजतील आता. मॅडम येतील आणि हे बघतील. बोलत तर नाहीच, वर हे असं!" तेवढ्यात स्वयंपाकघरातून विशालाक्षी आली, तशी तनयाचा चेहराच उतरला. "अम्मा, तुमच्या चाळीस वर्षांच्या बाहुल्या... मी काय सांगू?"

विशालाक्षीनं श्रीनिधीच्या हातातलं फडकं घेतलं, खाली बसली आणि रिक्षा पुसायला उचलली. रिक्षा कोरडी होती. तिनं ती ठेवली आणि बस उचलली. बसही कोरडी. मग तिची नजर गरुडावर गेली, त्याखालच्या विमानावर गेली, परत गरुडावर आली. एकतीस वर्षं कपाटं लावलेल्या बाईची ती नजर होती. एखादा खण बघितल्याबरोबर तिला कळत असे की हा कुणीतरी विचार करून लावलाय.

श्रीनिधी दुसरं फडकं घेऊन वाकला, तशी ती बोलली. नऊ दिवसांत पहिल्यांदा नातीसमोर, आणि तिच्या स्वतःच्या भाषेत.

"पुसूं नको रे! असूं दे. पाह्य गे तनया, कोण भिजला आणि कोण कोरडा ते पाह्य."

तनयाला काहीच कळेना. विशालाक्षीनं बोट दाखवून एकेक मोजलं. घोडे ओले, रथ कोरडा. वाणी ओला, त्याची भाजी कोरडी. "जें पितें तें भिजलें. जें पीत नाही तें कोरडें. एकदांही चुकलें नाही लेंकरूं."

"हाताला लागलं त्याला पाजलं असेल, अम्मा."

"विमान हाताशीं नव्हतें?"

तनयानं विमानावरून बोट फिरवलं, तेही कोरडं. पण तिच्या मनातली शंका तिच्या तोंडावर दिसत होती. विशालाक्षी उठली, आत गेली आणि ट्रंकेतून एक उंट घेऊन आली. त्याचा पाय मोडलेला होता आणि मोडकी बाहुली कोलूत ठेवत नाहीत, म्हणून तो कधी बाहेर आलाच नव्हता. संयुक्तानं उंट म्हणून काही असतं हे आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याच्याबरोबर तिनं एक लाकडी नाव आणली. कोवलमच्या किनाऱ्यावर श्रीनिधीनं घेतलेली आणि अजून पिशवीतच पडलेली. तिच्या पुढच्या टोकावर कोळी रंगवतात तसे दोन मोठे डोळे होते. दोन्ही वस्तू तिनं नातीपुढं ठेवल्या आणि पळी तिच्या हातात दिली.

संयुक्ता हुंदके देतच होती. तनयानं पदर तोंडावर धरला होता. माझं डोकं मात्र, कधी नव्हे ते, भिजून जड झाल्यामुळे जागच्या जागी होतं, आणि मी सगळं नीट पाहिलं. तिनं उंट उलटासुलटा केला, त्याचं तोंड शोधलं आणि पळी लावली. मग नावेकडे वळली. त्या रंगवलेल्या डोळ्यांकडे तिनं थोडा वेळ पाहिलं. पळी खाली ठेवली. नावेवर हात ठेवून ती ओल्या फरशीवरून ढकलली आणि तोंडानं आवाज काढला, "भुर्रर्र."

तनया तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसली. "हे तिला कुणी शिकवलं?"

"कोणी नाही. उंटाचें नांव ती कोठून शिकेल? बोलायच्या आधींच तिनें खण लावून ठेवले, गे. पुस्तकें यायचीं राहिलीं आहेत. नांवें आपण द्यायचीं." मग थोडं थांबून ती म्हणाली, "आणि तीं मी तोंड मिटून कशीं देऊं?"

बेल वाजली. देविका मॅडम दारात, हातात हळदी-कुंकवाची पिशवी, आणि समोर पाण्यात बसलेलं सगळं घर. तनयानं लपवालपवी केली नाही. तिनं त्यांना हाताला धरून कोलूपुढं आणलं आणि सगळं दाखवलं. देविका मॅडम बराच वेळ वाकून बघत होत्या. त्यांनी स्वतः पर्समधून गाडीची किल्ली काढली, किल्लीला एक चिमुकली चांदीची मासोळी होती. संयुक्तानं मासोळीला पाणी पाजलं, किल्लीला नाही. मासा पाण्यातच राहतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तेवढी एक चूक तिला माफ!

"मॅडम, एकच भाषा ठेवा असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" तनयानं विचारलं.

देविका मॅडम सरळ बाई होत्या. त्यांनी आठवून पाहिलं. "कुणी असं नाही," त्या म्हणाल्या. "आधीच्या मॅडम सगळ्या आईबापांना सांगायच्या. मग मीही सांगायला लागले." त्यांनी फॉर्म उघडला. शब्दांच्या रकान्यात शून्यच होतं आणि त्या शून्याशेजारी आज पाहिलेलं लिहायला रकाना नव्हता. "जागेचं मी वर विचारीन. वचन देत नाही," एवढं सांगून त्या सुंडल घेऊन गेल्या. पुढं तीन आठवडे त्यांचं उत्तर आलं नाही. तनयाच्या येरझाऱ्या चालूच राहिल्या, तेव्हा ती एका संध्याकाळी शहाणी झाली असं समजू नका.

पण त्या संध्याकाळी, मॅडम गेल्यावर, तिनं फ्रिजवरचा कागद काढला आणि विशालाक्षीपुढं येऊन उभी राहिली. "अम्मा, मी तुम्हाला गप्प केलं. ती बोलत नाही त्याचं खापर मी तुमच्यावर फोडलं. तुम्ही जाऊ नका."

"राहीन तर मी माझेंच बोलणें बोलेन," विशालाक्षी म्हणाली. "तुज निम्में कळणार नाही."

"मग मलाही शिकवा."

विशालाक्षीनं नातीला मांडीवर घेतलं आणि बोलायला लागली. नऊ दिवसांचं बोलणं साचलं होतं. "हा हत्ती, कन्ना. यानै. हा पितो. ही नाव. ही पीत नाही, ही पाण्यावर चालते. आणि ही..." असं म्हणून तिनं मला उचललं, माझी ओली हनुवटी पदरानं टिपली. "ही बाहुली. हीस तूं पाजिलेंस. आतां हीस आपली म्हणूं." संयुक्ता काही बोलली नाही. ती आजीच्या ओठांकडे बघत होती.

मित्रांनो, माझी हनुवटी कायमची चेपली आणि ओठांचा लाल रंग गळ्यावर सुकला. श्रीनिधी म्हणतो रंगवून आणू. आणा किंवा नका आणू, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात एखादं न बोलणारं मूल असेल, तर माझं एवढं ऐका. त्याच्या हातातली पळी ओढून घेण्याआधी क्षणभर थांबा आणि ते कुणाला पाजतंय आणि कुणाला ओलांडून जातंय ते बघा. जग लावायचं काम त्यानं कधीच सुरू केलेलं असतं. आणि ते बोलत नाही म्हणून त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाला गप्प करू नका. माझ्यासारखीचं तोंड बिघडलं तर रंग मिळतो. म्हातारं माणूस एकदा घरात गप्प बसायला शिकलं, की त्याला पुन्हा बोलतं करण्यासाठी दर वेळी कुणी पाणी सांडेलच, असं नाही.